बेडकाचं पाणी

कोलशेतच्या मिठागरावर पाणी गोडं की खारं हे बघायला कुणी जीभ खारट करून घेत नसे. डबक्यात बेडूक दिसला की खुशाल ओंजळ भरायची. खाऱ्या पाण्यात बेडूक राहत नाही. बायजाला हे तिच्या आजीने शिकवलं होतं, आणि तिने आपल्या लहानग्या तुळसाला. "ज्या पान्यान बेडूक, त्या पान्याची भीती नाय."

नवरा धाकू कल्याण स्टेशनात इंजिनांना कोळसा भरायला लागला, म्हणून तिघं इकडे चाळीत आली. आगगाडी येऊन तेव्हा तीसेक वर्षं झाली असतील. चाळीपुढे लोखंडी नळ होता. पाणी स्वच्छ, पण त्यात जिवंत असं काही दिसेना. बायजाने नाक मुरडलं. ती इंजिनांना पाणी देणाऱ्या टाकीमागच्या खड्ड्यातून हंडा भरू लागली, कारण तिथे भर वैशाखात बेडूक ओरडत होते. गावाकडचे बेडूक या दिवसांत मातीत गाडून घेतात. इथे टाकी बारा महिने गळायची आणि फलाटावरच्या कंदिलांखाली किड्यांचा सडा पडायचा. मग निजायला त्यांना काय वेड लागलंय? शहराने बेडकांची झोपच मोडली होती. बायजाला मात्र वाटलं, देव पावला.

मग तुळसाला पटकी झाली. सकाळपासून पोटात काही ठरेना. डोळे खोल गेले, बोटं सुरकुतली. "आये, पानी," एवढंच ती म्हणे. बायजा पाजायची, पोर ओकायची, बायजा पुन्हा पाजायची. धाकू औषधाला गेला होता, त्याचा अजून पत्ता नव्हता. हंड्याचा तळ दिसला तशी बायजा खड्ड्याकडे धावली.

शेजारची मालन, रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याची बायको, नळावरून तांब्या भरून येत होती. बायजाला खड्ड्यावर वाकलेली पाहून ती ओरडली, "अगं, हे काय भरतेस? पायखान्याची मोरी येते इथं!"

"बेडूक हान ना पन," बायजा म्हणाली.

मालनने पायाने गवत दाबलं. भिंतीतून काळं पाणी झिरपत होतं, आणि त्या घाणीतच एक गलेलठ्ठ बेडूक आरामात बसला होता. त्याला तेही सोसलं होतं. बायजाने हंडा तिथेच उपडा केला. बिचारीने काय पाप केलं होतं? जे शिकली तेच केलं, आणि तेच पोरीच्या जिवावर उठलं.

मालनच्या हातातला तांब्या हिसकावून ती घराकडे पळाली. तुळसाचं डोकं मांडीवर घेऊन तिने तांब्या ओठांना लावला. पोरीने तोंड फिरवलं.

"आये, यान बेडूक हाय का गो?"

बायजाने त्या स्वच्छ पाण्यात पाहिलं.

"हाय गो माजे बाय, हाय. पी तू."

तुळसाने दोन घोट घेतले. तिसरा ओठांतून बाहेर आला आणि बायजाच्या लुगड्यावर पसरला.