कॉम्प्रेसरच्या पोटातलं पाणी

मित्रांनो, पंक्चरच्या दुकानात धडधडत चाकांत हवा भरणारं यंत्र तुम्ही पाहिलं असेल. मी त्याच कुळातला, एक जुना कॉम्प्रेसर. माझी हकिकत सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. तरी सांगतो.

दक्षिणेकडच्या एका कारखान्यात जाड पत्रा वळवून माझी टाकी केली, वर पंप आणि मोटर बसवली. रेल्वेनं मी जबलपूरला आलो. बाबाराव तेव्हा संरक्षण कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. लोखंडी सामानाला भट्टीत भाजून पक्का होणारा पावडरचा रंग देण्यासाठी त्यांनी शहरातल्या अधारताल भागात छोटंसं वर्कशॉप काढलं आणि मला कोपऱ्यात जागा दिली.

माझं काम साधं. बाहेरची हवा ओढायची, दाबून टाकीत भरायची आणि नळीतून जोरात सोडायची. त्या हवेनं लोखंडावरचा कीस उडतो. धुतलेल्या सांगाड्यांच्या खाचांत फडकं पोचत नाही, तिथलं पाणी निघतं. भट्टीतून तापून आलेलं सामानही तिनंच निवतं. बाबाराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "हा बंद पडला की आपण सारे बेकार." मला अवघडल्यासारखं व्हायचं.

कारण एका गोष्टीची मला लाज वाटते. सगळ्यांना कोरडं करणाऱ्या माझ्याच पोटात पाणी साचतं. हवा दाबली की तिच्यातला ओलावा पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसतो. पावसाळ्यात तर फारच. तळाशी एक लहान नळ आहे. बाबाराव रोज सकाळी वाकून तो उघडत आणि तांबूस पाणी वाहून जाई. हे काम ते इतक्या मुकाट्यानं करत, की दुसऱ्या कोणी ते शिकूनच घेतलं नाही.

यंदा पावसाळ्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यांचा मुलगा सचिन बंगळूरहून फोनवर म्हणाला, आता विकून टाका. पुतणी अवंती म्हणाली, मी चालवते.

"बरगीच्या शाळेचे बाक आहेत," बाबाराव तिला म्हणाले. "हे काम नीट करून दाखव, वर्कशॉप तुझं. नाही जमलं तर मी कुलूप लावीन. मग रुसू नको."

अवंती हिंदी शाळेत शिकलेली. मराठी तिला समजते, पण बोलताना ती हिंदीत घसरते. ऑपरेशनला जाताना बाबारावांनी तिला बजावलं, "सकाळी आल्याबरोबर पाणी सोडून मशीन चालू करजो."

"हां काका, पानी छोड़के. समझ गई."

दोघांचंही समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी भट्टी सांभाळणारा गुणवंत म्हणाला, "दीदी, काका इथं वाकून काहीतरी करत होते ना?"

"पानी छोड़ने को बोले हैं. हात नाही लावायचा."

"अच्छा. काका बोलले तर चलो."

मी खरखरलो, खोकलो. पण माझी खरखर रोजचीच, तिच्याकडे कोण लक्ष देणार? हवेबरोबर पाण्याचे बारीक कण नळीत शिरले. बाकांचे लोखंडी सांगाडे दिसायला कोरडे होते. त्यांच्यावर पावडर बसली, ते भट्टीत गेले, बाहेर येऊन माझ्याच हवेनं थंड झाले. तेव्हा निळ्या रंगावर पुटकुळ्या दिसल्या.

"दीदी, बाकाले गोवर निघाला," गुणवंत म्हणाला.

अवंती हसली नाही. तिनं बाबारावांना फोन लावला. "काका, रंग खराब झाला. फोड आले."

"पाणी सोडलं होतं ना?"

"छोड़ दिया था काका. हात भी नहीं लगाया."

"हात न लावता कसं सोडलं?"

अवंती हळूच माझ्यापाशी खाली बसली आणि नळाकडे पाहू लागली. "सोडायचं म्हणजे... निकालना था?"

"अन् तू काय समजली?"

"रहने देना."

फोन ठेवल्यावर गुणवंत म्हणाला, "वरून घासून पुन्हा रंग मारू. खालच्या बाजूले कोण पाहून राहिलं? उद्या माल पोचला की काम झालं. काकाच्या तर डोळ्याले पट्टीच आहे."

अवंतीनं एका सांगाड्याच्या खालून हात फिरवला. "बच्चों का हाथ नीचे ही रहता है, गुणवंत भैया. आम्ही पण बाकाखालीच नखं घासायचो. हे फुटेल, गंज लागेल. सगळे पुन्हा पहिल्यापासून करायचे."

"मग उशीर होईल. काका कुलूप लावतील."

"लावू दे."

तिनं शाळेच्या इंदिरा मॅडमना फोन केला. बाक उशिरा येतील, चूक आमची आहे, असं सांगितलं. मॅडम कोरडेपणानं म्हणाल्या, "ठीक आहे. तोवर मुलं सतरंजीवर बसतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाराव काळा चष्मा लावून रिक्षातून उतरले. कोणी यायला सांगितलं नव्हतं. ते खुर्चीवर बसले आणि कान देऊन ऐकू लागले. अवंतीनं माझा नळ उघडला. आधी गडगड झाली, मग फुसफुस, मग नुसती स्वच्छ हवा. मोटर चालली. तिनं नळीपुढे पांढरा कागद धरला, हवा सोडली आणि कागद उजेडात पाहिला.

"कोरडी आहे, काका."

"पुन्हा पाह्य."

तिनं पुन्हा पाहिला. "कोरडीच आहे."

"मग मी इथं काय करून राहिलो?" बाबाराव उठले. "घरी जातो."

"काका, कुलूप?" गुणवंतनं चाचरत विचारलं.

"कुलूप संध्याकाळी लागते. किल्ली अवंतीजवळ राहील."

मित्रांनो, मी आणखी किती दिवस चालेन, सांगता येत नाही. उपदेश करण्याची माझी योग्यताही नाही. पण एवढं मागतो. दाबलेली हवा गमतीतही कोणाच्या अंगावर, डोळ्यावर सोडू नका. ती फार इजा करते. तुमच्यासाठी खपणाऱ्या यंत्रापाशी कधीतरी खाली वाकून पाहा. आम्हाला आमचं दुखणं सांगता येत नाही. तुम्हाला मात्र बोलता येतं. म्हणून कोणी काही सांगितलं, तर समजलं म्हणण्याआधी एकदा विचारून घ्या.