लाल गाडीचं मागचं चाक

पत्र वाचून झालं आणि वर्कशॉपच्या मालकांनी असा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले. कंपनीने कळवलं होतं, की त्या बुटक्या, जमिनीला पोट टेकवून पळणाऱ्या स्पोर्ट्स कारचे चाकाचे बोल्ट ठिसूळ निघाले आहेत, केव्हाही तुटतील. तेव्हा सगळ्या गाड्या परत बोलवा आणि बोल्ट बदला.

"सुटलो, वहिनी!" भाऊजी म्हणाले. तीन आठवड्यांत ते पहिल्यांदाच हसले होते.

वहिनी या वर्कशॉपच्या तपासनीस. धाकटे दीर, म्हणजे हे भाऊजी, इथेच चाकं बसवायचे आणि त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्याच त्या वहिनी झाल्या होत्या.

तीन आठवड्यांपूर्वी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या तसल्याच लाल गाडीचं मागचं डावं चाक वळणावर गाडीला सोडून एकटंच पुढे निघून गेलं. देवाची दया, बाईंचा हात मोडण्यावर निभावलं. चारच दिवस आधी ती गाडी इथून टायर बदलून गेली होती. चाक भाऊजींनी बसवलेलं, तपासून सही वहिनींची. तेव्हापासून घरात भांडण झालं असतं तर परवडलं असतं. झालं काय, तर दोघांची नम्रता वाढली. "मीठ देता का जरा?" "घ्या ना, संकोच कसला!" शेवटी सासूबाई वैतागल्या, "एका घरातली माणसं ना तुम्ही? की दवाखान्यात शेजारी बसलेले पेशंट?"

आता पत्र आलं, गाठ सुटली, असं कुणालाही वाटलं असतं. वहिनींना वाटेना. संशय हा पायात शिरलेल्या बारीक काट्यासारखा. दिसत नाही, पण पाऊल टेकू देत नाही. त्या उठल्या आणि थेट स्टोअरकडे गेल्या.

स्टोअर सांभाळणाऱ्यांना सगळे कुलूपकाका म्हणत, कारण ते खिळ्यांच्या डब्यालाही कुलूप लावत.

"काका, ते लाल गाडीचं चाक बघायचंय."

"त्यात काय बघायचं? गोल आहे."

"म्हणजे दाखवायचं नाहीये तुम्हाला. स्वस्तातले बोल्ट घुसवले होते की काय?"

"अगं बाई, देवाला तरी भिऊन बोल! हे घे चाक, हे घे तुटके बोल्ट. बस मोजत!"

काका रागावले की खरं बोलत, हे वहिनींना ठाऊक होतं. एक नाव मनातून खोडलं. त्यांनी चाक आडवं पाडलं आणि बोल्टच्या पाच भोकांतून एकेक करून बोट फिरवलं. बोल्ट ठिसूळ असता तर कट्‌कन तुटला असता, भोक गोलच राहिलं असतं. ही पाचही भोकं लांबट झाली होती, कडा घासून आरशासारख्या चकचकीत. चाक कितीतरी मैल सैल डुलत होतं. बोल्ट तुटले, पण नंतर. कंपनीच्या पत्राशी या चाकाचं काही नातं नव्हतं.

"भाऊजी, खरं सांगा. त्या दिवशी घाईत होतात का?"

भाऊजींचा चेहरा उतरला. "मी हवेच्या गनने बोल्ट नुसते टेकवतो, वहिनी. शेवटचं आवळणं कुणाचं?"

शेवटचं आवळणं वहिनींचं. त्यांच्या हातात टॉर्क रेंच असायचा, म्हणजे ठरवलेला जोर पोचला की 'टक्' करून सांगणारा लांब पाना. "रेंच वाजल्याशिवाय मी एकही बोल्ट सोडत नाही," त्या म्हणाल्या. "कुणी हात लावलाय का त्याला?"

परत बोलवायच्या गाड्यांच्या कामासाठी मालकांनी तातडीने नवाकोरा रेंच आणवला होता. वहिनींनी समोरच उभ्या असलेल्या गाडीचा एक बोल्ट सैल करून आपल्या जुन्या रेंचने आवळला. टक्. मग त्याच आकड्यावर नवा लावला. बोल्ट फिरला, आणखी फिरला, जवळजवळ पाव फेरा फिरला आणि मग कुठे नवा वाजला.

"कुणी केलं हे?" वहिनींचा आवाज चढला.

भाऊजी खाली बघत म्हणाले, "रोज संध्याकाळी तुम्ही तो तसाच टांगून जाता. आकडा खाली उतरवत नाही. आतली स्प्रिंग रात्रभर ताणाखाली राहते. दमते ती."

सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालायला सहाला घरी पोचायचं, या घाईत वहिनी रोज रेंच खुंटीला अडकवून पळायच्या. किती महिने?

"बघत होतात, तर बोलला का नाहीत?"

"तुम्हाला कोण शिकवणार, वहिनी?"

मग वहिनींनी रजिस्टर उघडलं. कंपनीच्या पत्रातल्या गाड्या अकरा. वहिनींच्या रेंचखालून गेलेल्या त्रेचाळीस.

मालकांनी ऐकलं आणि दार लावून घेतलं. "बाई, कंपनीने दोष आपल्या डोक्यावर घेतलाय. देवानेच वाचवलं समज आणि गप्प बस."

"देवाने त्या डॉक्टरीणबाईंना वाचवलं, मालक. ते मी माझ्या खात्यात कसं घेऊ? बाकीच्या बेचाळीसजणांचं काय?"

मालकांनी फोन त्यांच्याकडे सरकवलाही नाही आणि ओढूनही घेतला नाही. वहिनींनी तो उचलला.

सातव्या फोनवर एक खडूस आवाज होता. "माझी साधी गाडी आहे. पत्रबित्र काही आलं नाही मला. हा काय बिल वाढवायचा नवा धंदा?"

"खुशाल संशय घ्या, पण गाडी चालवू नका. कुठं आहे ती?"

"मुलगी घेऊन गेलीय. मोठ्या रस्त्याने."

"तिला थांबवा. आत्ता. आम्ही येतो."

वहिनी आणि भाऊजी पोचले तेव्हा पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात गाडी उभी होती. मुलगी कपाळाला आठ्या घालून, फोन कानाशी धरून. "बाबा म्हणतात, तुम्ही आधी स्वतःच सैल करणार आणि मग मला दाखवणार."

"मग तूच बघ, बाळ. आम्ही हात लावत नाही," वहिनी म्हणाल्या. "तो वरचा बोल्ट चिमटीत धर आणि फिरव."

मुलगी नाक मुरडत वाकली. बोल्ट फिरला. तिने दुसरा धरला, तोही फिरला. फोनमधून आवाज येतच होता, अजिबात पैसे द्यायचे नाहीत, नावं लिहून घे दोघांची.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही जरा गप्प बसा."

भाऊजी जॅक घेऊन गाडीखाली बसले. वहिनी यादी उघडून आठवा नंबर लावू लागल्या.