रुपरावांचे रविवार

“मी मेली का जित्ती, हेच पाहाले आले ना तुमी?” दवाखान्याचं नाव ऐकताच दारात उभ्या बायजाबाईने विचारलं.

रुपरावांना खोटं बोलता येत नसे. “हो जी,” ते म्हणाले.

ती खो खो हसली. “मंग पाहा पोटभर. आन् च्या पिऊन जा.”

रुपराव नागपुरातल्या एका कॅन्सरच्या दवाखान्यात रेकॉर्ड सांभाळणारे कारकून. चौऱ्याऐंशी साली डॉक्टर सुमतीबाईंनी गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या कॅन्सरचे जुने कागद त्यांच्याकडून काढून घेतले. कोणाचा रोग पुढे फुफ्फुसात, हाडात पसरेल, हे बाईंना संगणकाकडून आधीच ताडून घ्यायचं होतं. पण जुन्या रोग्यांचं काय झालं हे सांगितल्याशिवाय संगणक शिकणार कसा? आणि साठ जणांच्या कागदावर शेरा एकच: ‘पुन्हा आले नाहीत.’

“ते गाळून टाका,” बाई म्हणाल्या.

“माणसं हायेत जी ते. गाळाची कशी? मी पाहून येतो.”

तेव्हापासून रुपराव दर रविवारी पत्ते खिशात घालून निघत. कधी खापरखेडा, कधी गांधीबागेतली गल्ली. काही घरांत हार घातलेला फोटोच भेटे. मग ते घोटभर पाणी पिऊन, हात जोडून परतत.

आज कोराडी. बायजाबाईचा नवरा दादाजी इथल्या वीज केंद्रात कोळशाच्या कामावर होता. तिचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली होती.

चहा ठेवायला ती उठली, ती भिंतीला धरून.

“कंबर दुखते काय, बाई?”

“दिवाळीपासून ठणकून राहिली. वय झालं. तुमी काहून तोंड पाडलं?”

रुपराव डॉक्टर नव्हते. पण असे कागद त्यांनी शेकड्यांनी वाचले होते. “उद्या दवाखान्यात या.”

“मले काई झालं नाही.”

“माह्यासाठी या. नाही तं मले चैन पडणार नाही.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. “माहेरचं बी कोणी असं विचाराले आलं नाही, भाऊ. येतो मी.”

रोग हाडात उतरला होता. मुंबईला पाठवून तिला किरणोत्सारी आयोडीन पाजलं. संगणकाला तिचे जुने कागद तेवढे दिले होते, पुढे काय झालं ते सांगितलं नव्हतं. काही महिन्यांनी त्याचं उत्तर आलं. धोक्याच्या यादीत बायजाबाई होती.

“बघा रुपराव, बरोबर ओळखलं!” बाई हरखून म्हणाल्या.

“चुकलं असतं तं बरं झालं असतं जी.”

बाईंनी यादी मिटून ठेवली.

त्यानंतर चार वर्षं बायजाबाई तपासणीला येत राहिली. डॉक्टरांच्या आधी रुपरावांच्या खिडकीशी उभी राही. “लिहा भाऊ, जित्ती आहे!”

पाचव्या वर्षी दादाजी एकटेच आले. रुपराव उठले, त्यांनी आपली खुर्ची पुढे केली.

“इथं यायाचं असलं का ठेवणीतलं लुगडं काढे ती,” दादाजी म्हणाले. “म्हणे, दवाखान्यात नाही, भावाच्या घरी चालली मी.”

रुपरावांनी खिडकी लावून घेतली. कोराडीची बस येईपर्यंत ते दादाजींसोबत स्टँडवर उभे होते.