तिसरा पेड

“एक पेड उन्हाचा, एक पेड सावलीचा, तिसरा पेड माउलीचा, सुटायचा नाही. हलू नकोस गं, भांग वाकडा जाईल.”

लहानपणी हा आवाज रोज सकाळी मानेमागून यायचा. लेकीला तो आज आठवला, कारण आज प्रयोगशाळेतल्या खुर्चीत आई बसली होती आणि तिच्या मागे लेक उभी होती. हातातल्या बारीक काडीने ती आईचे केस बाजूला सारत होती. आईच्या डोक्यावर काळी टोपी होती, टोपीला जागोजागी भोकं. एकेका भोकाखाली कातडी दिसेपर्यंत केस सारायचे, मग तिथे दिव्याची गुंडी बसवायची. केस आडवे आले की उजेड तिथेच अडतो. आईचे केस या वयातही दाट, हट्टी.

“म्हणून तर इथलं प्रत्येक यंत्र आधी माझ्यावर तपासतात,” पडद्यासमोर बसलेला तंत्रज्ञ म्हणाला. त्याच्या गुळगुळीत डोक्यामुळे प्रयोगशाळेत सगळे त्याला चांदोबा म्हणत. “काकू, माझ्याकडे उजेडाला रान मोकळं.”

“आतही मोकळं निघालं तर सांग हो,” आई म्हणाली.

तो मनापासून हसला. मग त्याने तिला कामाचं समजावून सांगितलं. डोळ्यांना न दिसणारा हा उजेड कवटीच्या आत थोडासा शिरतो आणि परत येतो. मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे ताजं रक्त धावतं. परतलेल्या उजेडात ते कळतं, आणि पडद्यावरची लाल रेघ चढते. फक्त रक्त जरा मागून पोचतं, म्हणून रेघेला उशीर होतो. धीर धरायचा.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर आईची वाचा आठवडाभरात परतली होती. उजवा हात परतला नव्हता. न हलणाऱ्या हाताने मनातल्या मनात काम करायचं, आणि तेवढ्याने रेघ चढली, तर पुढच्या सरावाच्या गटात जागा मिळणार होती. नाही चढली, तर नाही. लेक याच प्रयोगशाळेत काम करायची, पण घरचं माणूस असल्यामुळे मोजणी चांदोबा करणार होता. लेकीने टोपी बसवायची आणि मागे गप्प उभं राहायचं, एवढंच ठरलं होतं.

चांदोबाने आईला मनात चेंडू दाबायला सांगितलं. रेघ आडवीच राहिली. पुन्हा सांगितलं, पुन्हा आडवी. लेकीने काडी मुठीत घट्ट धरली होती.

“काकू, चेंडू लांबून बघताय का?”

“मग काय करू? हा हात माझा वाटतच नाही रे. कुणीतरी मांडीवर आणून ठेवलाय, नेतच नाही परत.”

ही चूक बहुतेकांची होते, तो म्हणाला. माणसं आपला हात परक्यासारखा बघत बसतात. बघायचं नसतं, पकडताना, ओढताना बोटांना कसं लागायचं, ते बोटांनी आठवायचं असतं. चेंडू जाऊ द्या. हाताला पाठ असलेलं एखादं काम घ्या.

“कुठलंही?”

“कुठलंही.”

आईने डोळे मिटले. पडद्यावर एकदम सगळ्याच रेघा थरथरल्या आणि चांदोबाने मोजणी थांबवली. ओठ हलले, की जबड्यासोबत टोपीही हलते. गुणगुणायचं असेल तर तेही मनातच.

समोरच्या काचेत लेकीने ते ओठ पाहिले होते. आवाजाची गरज नव्हती. उन्हाचा, सावलीचा. तिचा हात आपसूक स्वतःच्या मानेकडे गेला. तिथे आखूड केसांची टोकं टोचली.

दहा वर्षांची असताना शाळेसाठी तिला मामाच्या गावी पाठवलं होतं. निघायच्या आदल्या सकाळी आईने तिला न्हाव्याकडे नेलं आणि वेणी कापवली. आई रडली नाही, म्हणून तीही रडली नाही. आपण नकोशा झालो, एवढं मात्र तिने त्या खुर्चीत पक्कं ठरवलं, आणि पुढे केस कधीच वाढवले नाहीत. आईने विचारलं नाही. तिनेही नाही.

आता आईचे ओठ मिटलेले होते. मांडीवरचा हात होता तसाच पडला होता. खोलीत यंत्राचा पंखा तेवढा घरघरत होता. रेघ आडवी होती, आडवीच राहिली, आणि मग चढू लागली. चांदोबाने आईला विसावा दिला, पुन्हा सुरू करायला सांगितलं. विसाव्यात उतरलेली रेघ उशिराने, पण पुन्हा चढली.

“काकू,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “हात आहे हो आत.”

गटात नाव घालून येतो, म्हणत तो बाहेर गेला.

लेकीने एकेक गुंडी काढली, टोपी उतरवली. आईच्या केसांचं पार घरटं झालं होतं. तिने ते बोटांनी सारखे केले आणि नकळत त्यांचे तीन पेड धरले.

“मामी चांगली होती गं,” आई म्हणाली. मान तिने हलवली नाही. “तिनेही घातली असती वेणी. रोज घातली असती.”

लेकीची बोटं थांबली.

“तेच सोसवलं नसतं मला. तुझ्या केसांत दुसरा हात. म्हणून कापले.”