बोझकोलच्या पाण्याची रेघ

मी एक आलेख बोलतोय. बोझकोल नावाचं डोंगरातलं एक तळं आहे. त्याचं पाणी किती चढलं, किती उतरलं, हे मोबाईलवर दाखवणारी निळी रेघ म्हणजे मी. मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. आलेखानं शांतपणे आकडे दाखवावेत, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा जन्म आमच्या राजधानीत, बिश्केकमधल्या एका कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर झाला. मला घडवलं मीरिमनं. पंचविशीची मुलगी, केस पेन्सिलीनं वर खोचलेले, चहा कायम निवलेला. तिनं मला 'काढलं' असं मात्र म्हणता येत नाही, कारण तिनं एक रेघही ओढली नाही. ती संगणकावरच्या ज्या फ्रेमवर्कमध्ये काम करते, तिथं चित्र काढत बसायचं नसतं, चित्र कसं हवं ते फक्त लिहून सांगायचं असतं. खाली वेळ, डावीकडे पाण्याची उंची, मधले बिंदू निळ्या रेघेनं जोड, तीन मीटरवर धोक्याची लाल आडवी रेघ. एवढं लिहिलं की पुढचं फ्रेमवर्क बघून घेतं. तळ्यावरच्या यंत्राकडून दर दहा मिनिटांनी नवा आकडा येतो, जुना मी पुसला जातो आणि नवा मी उभा राहतो.

यात एक गोम आहे. सांगितलेलं सगळं फ्रेमवर्क इमानेइतबारे करतं. पण जे सांगायचं राहून जातं, ते आपल्या मनानं ठरवून मोकळं होतं. कुणाला विचारत नाही.

मीरिमनं काही सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. उंचीची पट्टी शून्य ते चार मीटर, असं तिनं बजावून लिहिलं होतं. बोझकोलचं पाणी एरवी सव्वा मीटरच्या आसपास. त्यामुळे मी आपला चौकटीच्या तळाशी पडलेला, वर भरपूर मोकळी जागा, आणि त्या जागेत ती लाल रेघ. दिसायला आळशीच होतो मी. पण त्या मोकळ्या जागेकडे बघून खालच्या कुरणातल्या माणसांना कळायचं, की पाणी अजून लांब आहे.

जूनमध्ये परदेशी पाहुणे येणार म्हणून मीरिमचे साहेब, साबिरबेक, तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"हे काय गं? तीन हिस्से रिकामं?"

"पाणी कमी आहे ना बायके, म्हणून रेघ खाली आहे. चांगलंच आहे की ते." थोरल्या माणसाला आमच्याकडे आदरानं 'बायके' म्हणतात.

"पाहुणे यायचे आणि दस्तरखान असं उघडं ठेवायचं? चार बशा एका कोपऱ्यात आणि बाकी नुसतं कापड? तुझ्या आईनं ठेवलंय का कधी?"

"हे जेवण नाहीये, बायके."

"पाहुण्यांसमोर काय मांडायचं ते मला तू शिकवू नकोस. चौकट भरून टाक. ती लाल रेघ काढ, बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आणि डावीकडचे आकडेपण नकोत, गिचमिड दिसतं."

आमच्याकडे पाहुण्यापुढे कापड टीचभरही उघडं दिसता कामा नये, हे मला मान्य आहे. कणकेचे तळलेले बोरसोक पसरा, त्यावर मनुका टाका, फटीफटीत जर्दाळू खोचा, माझी ना नाही. पण मी काय जेवणाचं कापड आहे? मोकळी जागा दिसली की भरलीच पाहिजे, ही कसली खोड? वडीलधाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा उलटून बोलायचं नाही, हे मीरिमच्या अंगात मुरलेलं. तिनं तीन ओळी पुसल्या. पट्टी कुठून कुठपर्यंत, हे सांगायचं राहिलं, मग फ्रेमवर्कनं ठरवून टाकलं: आज पाणी जेवढं हलेल, तेवढीच पट्टी. पाणी चार बोटं चढलं तरी मी तळापासून टोकापर्यंत, एखाद्या डोंगरासारखा. पाहुण्यांनी फोटो काढले. पाहुणे गेले, मी तसाच राहिलो.

बोझकोलच्या खाली नदीकाठी झुमागुल आपा आणि तिचा नवरा ओस्मोनाली दर उन्हाळ्याला घोड्या घेऊन राहायचे. शिंगरं दिवसभर जमिनीलगत ताणलेल्या दोरीला बांधलेली. शिंगरू बांधलेलं असलं की घोडी लांब जात नाही, दूध काढता येतं. आपा मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि येता-जाता मला बघायची.

एके दुपारी तिला माझा डोंगर दिसला. तिनं चौदाच्या चौदा शिंगरं सोडली, गाद्या उचलल्या, नवऱ्याला धापा टाकत चढावर नेलं. संध्याकाळपर्यंत दोघं वर बसून राहिली. नदी खाली आपली वाहत होती. बर्फ वितळून रोजच पाणी चार बोटं चढतं, तेवढंच चढलं होतं. सहा दिवसांनी पुन्हा तीच धावपळ. मग शेजारच्या तंबूतल्यांना चेवच आला.

"झुमागुल, आज मोबाईलला किती पूर आलाय?"

ओस्मोनालीही मागे राहीना. "म्हातारे, एवढा उंच डोंगर आहे तुझा, उद्या घोड्या तिकडेच चारायला ने."

आपाही हसली. त्यानंतर तिनं धावणं सोडून दिलं. बघायची, आणि घोड्यांकडे जायची.

जुलैअखेरीस तीन दिवस भयंकर ऊन पडलं. चौथ्या दिवशी सकाळी आठपासून तळं चढायला लागलं. दहाला दोन मीटर, बाराला अडीचच्या वर. एक वाजता मी तीन मीटर ओलांडले. जीव तोडून चढत होतो मी. पण दर दहा मिनिटांनी नवा उभा राहायचो आणि प्रत्येक वेळी चौकटीचं वरचं टोक माझ्यासोबत वर सरकायचं. पावणेदोन मीटर चढलो आणि दिसलो रोजच्या चार बोटांएवढाच. मला तोंड नाही. होती ती उंची, तीच या लोकांनी काढून घेतली होती. कार्यालयाच्या भिंतीवरच्या पडद्यावरही मी लटकत होतो, माझ्याखालून माणसं जेवायला गेली आणि जेवून आली.

तीन वाजता तळ्याचा काठ फुटला.

आवाज ऐकून आपा चढावर पळाली. ओस्मोनाली सुरी घेऊन खाली दोरीकडे पळाला. नऊ शिंगरांच्या दोऱ्या त्यानं कापल्या. पाच राहिली, आणि तोही राहिला.

मग चौकशी झाली. माझा एकेक बिंदू तपासला, एकही आकडा चुकीचा निघाला नाही. 'आलेख बरोबर होता', असं कागदावर लिहिलं. साबिरबेक म्हणाले, "त्या बाईला मोबाईल बघता येत नाही, त्याला आम्ही काय करणार?" माझ्या खरेपणाच्या आड लपून या माणसानं हात झटकले. मला त्या दिवशी स्वतःच्या खरेपणाचीही किळस आली.

मीरिमनं कुणाला न विचारता त्या तीन ओळी परत लिहिल्या. मग ओस्मोनाली गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी ती आपाच्या घरी गेली. दुखवट्याला आलेल्या बायका उठून गेल्यावर तिनं मोबाईल आपापुढे धरला. त्यात त्या दिवशीचा मी होतो, पण पट्टी शून्य ते चार, डावीकडे आकडे आणि लाल रेघ.

आपानं लाल रेघेवर बोट ठेवलं. "इथं किती वाजले होते?"

"एक."

"आणि पाणी तीनला आलं."

"हो, आपा."

"हे चित्र तेव्हा का नव्हतं, पोरी?"

"मी काढून टाकलं होतं. साहेबांनी सांगितलं, पण पुसलं मीच."

आपाचं बोट अजून लाल रेघेवरच होतं. "एक वाजता तो चहा पीत होता," ती म्हणाली. "उठत होता. मीच म्हटलं, बस की, घाई कसली आहे, अजून एक पेला घे."

मीरिम रडायला लागली. मला तेही येत नाही.

आता मी पुन्हा चौकटीच्या तळाशी पडलेला असतो. तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद चौकट भरून ऐटीत उभा असेल, तर आधी त्याला डावीकडचे आकडे विचारा. आकडे नसतील तर त्याला घडवणाऱ्याला जाब विचारा, तो कितीही मोठा असो. आणि माझ्या डोक्यावरची मोकळी जागा भरायला जाऊ नका. तिथं दोन तास होते. तेवढ्यात ओस्मोनालीनं चौदाही शिंगरं सोडली असती, सावकाश चढ चढला असता, आणि वर बसून बायकोची थट्टासुद्धा केली असती.