काचेतलं पाणी

मी दुकानांतले तराजू तपासतो आणि माझी बायको पेशींमधलं पाणी मोजते. लग्नात तिच्या मावशीने आशीर्वाद दिला होता, "दोघंही मापात राहा." तेव्हा सगळे हसले होते.

सव्वा वर्षापूर्वी माझी बदली झाली. आमची सात वर्षांची मुलगी एका जागी टिकत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतात. तिला घेऊन मी नव्या गावी गेलो. बायको मागे राहिली, भाड्याच्या एका खोलीत, कारण तिचं काम संपायला आलं होतं. हे "संपायला आलंय" मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यावर विश्वास ठेवणं सोडून दिलं होतं. या वेळी मात्र आमच्या गावातल्या रुग्णालयात तिची नोकरी ठरली होती, पहिल्या तारखेपासून. अट एकच, हातातल्या कामाच्या अहवालावर सही होऊन तो पुढे गेलेला हवा.

काम असं होतं. शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती पातळ पापुद्रा असतो आणि त्यातून पाणी सतत आतबाहेर करतं. औषध लागू पडलं, तर कर्करोगाची गाठ लहान होण्याच्या कितीतरी आधी या ये-जा करण्याचा वेग बदलतो, असं तिच्या सरांचं म्हणणं. एमआरआयच्या यंत्रात माणसाला झोपवून, सुई न टोचता, हा वेग मोजायचा. पण यंत्र सांगतं तो आकडा खरा कशावरून? ते पडताळायचं काम सहा वर्षं हिच्याकडे होतं. ती यीस्टच्या पेशी पाण्यात कालवून यंत्रात ठेवायची. यंत्र म्हणायचं, सेकंदाला पाच वेळा. मग वेगळ्या पद्धतीने मोजायची, तिथेही पाचच्या आसपास. सर खूश होते. वीस रुग्णांना तपासणीच्या तारखाही देऊन झाल्या होत्या.

एका रविवारी फोनवर ती अहवालाबद्दल सांगत होती. मी भाजी चिरत, सहज विचारलं, "शून्य बघितलंस का?"

"म्हणजे?"

"आम्ही दुकानात शिरलो की आधी रिकाम्या तराजूचा काटा बघतो, वजनं नंतर. जिथून पाणी जाऊच शकत नाही, अशा जागी तुझं यंत्र काय म्हणतं?"

पलीकडे तिने कागद चाळले. मग म्हणाली, "काचेच्या नळ्या. आतही पाणी, बाहेरही पाणी. एका दिवसाचं काम आहे."

त्या एका दिवसाचे नऊ दिवस झाले. शुक्रवारी मी आणि भिंगरी तिला भेटायला गेलो, तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते. यंत्राच्या खोलीबाहेर मला पट्टा, किल्ल्या, खिशातली तपासणीची वजनं, सगळं काढून ठेवायला लावलं. आत खिडकी नव्हती. केसाहून बारीक नळ्यांची, अंगठ्याएवढी जाड जुडी एका बरणीत बुडवलेली होती.

"किती आलं?" मी विचारलं.

"दोन."

"काचेतून?"

"काचेतून. चार वेळा मोजलं. नळ्या बदलल्या, रंग घालून गळती तपासली. पाणी जागचं हलत नाहीये. यंत्र म्हणतं, सेकंदाला दोन वेळा बाहेर जातंय."

"पण यीस्टचं तर दोन्हीकडे पाच आलं होतं."

"तेच तर. दोन चुका एकमेकींना झाकत असतील. किंवा माझं नशीब जोरावर होतं." ती हसायला गेली, पण ते जमलं नाही.

दुपारी ती सरांकडे गेली. आम्ही बाहेर बाकावर बसलो. मधली भिंत लाकडी फळ्यांची, त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येत होतं.

"काच म्हणजे पेशी नव्हे," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "काचेत काहीतरी वेगळं घडत असेल."

"असेल सर. पण काय घडतंय ते आपल्याला माहीत नाही. पाचातले दोन खोटे असतील, तर कोणाचं औषध चालू ठेवायचं आणि कोणाचं थांबवायचं, हे कशावरून सांगणार?"

आत खुर्ची सरकली. मग सर म्हणाले, "बारा वर्षं झाली मला यात. काचेची ओळ तेवढी वगळ. सही कर आणि पहिल्या तारखेला आपल्या माणसांत जा. मागचं मी निस्तरतो."

ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. भिंगरी फिरत्या खुर्चीवर गरगरत होती.

"ऐकलंस ना?" तिने विचारलं. "काय करू, सांग."

दहा ग्रॅमची खोट दिसली तरी मी दुकानाचा तराजू जप्त करतो. पण आठ महिने मी एकट्याने मुलीच्या वेण्या घातल्या होत्या, आणि भिंगरी हल्ली आईबद्दल विचारेनाशी झाली होती. त्याचं मला जास्त भय होतं.

"कर सही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. मी तिला मोकळं करावं अशी आशा होती की अडवावं अशी, ते मला अजून कळलेलं नाही. ती उठली, पुन्हा आत गेली आणि म्हणाली, "ओळ राहू दे सर. नाहीतर माझं नाव काढा."

सरांनी नाव काढलं नाही, ओळही काढली नाही. अहवाल थांबला. वीस जणांना तारखा पुढे गेल्याचे फोन तिनेच केले. एका बाईंनी विचारलं, "आता कधी?" आमच्या गावातली नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. सरांनी तिची मुदत दीड वर्षाने वाढवली, कारण चूक शोधायला तिच्याइतकं जाणकार कोणी नव्हतं. यंत्राच्या ज्या खोलीतून तिला निघायचं होतं, तिच्याच किल्ल्या तिच्या हातात आल्या.

आता त्याला सात महिने झालेत. यंत्राचे काही चुंबकी झटकेच मापात मिसळतात, हे तिने शोधून काढलं. ते वजा केल्यावर काचेचा आकडा एकवर आला. उरलेला एक कुठून येतो, कोणाला ठाऊक नाही. सर हल्ली रोज सकाळी येऊन, चष्मा कपाळावर चढवून, स्वतः नळ्या भरतात. दोघं फारसं बोलत नाहीत, पण चहा एकत्र घेतात, असं ती सांगते.

आम्ही पंधरा दिवसांतून एकदा जातो. परत निघताना भिंगरी रडत नाही. आपली पिशवी आपणच भरते, चपला घालून दारात उभी राहते. ते बघून बायको आतल्या खोलीत काहीतरी शोधायला जाते.

मी बदली मागितली होती, तिच्या गावी. काल नकार आला. कागद अजून कपाटातच आहे. उद्या तिचा फोन येईल, ती आठवड्याचे आकडे सांगेल, आणि मी काय बोलायचं हे अजून ठरवलेलं नाही.