कर्ण्यातून ऐकलेला सामना

शकुंतलेचा आवाज साऱ्या झाशीला ठाऊक होता. शकुंतला मात्र फार थोड्यांना. स्टेशनावर चौकशीच्या खिडकीमागे एक अरुंद खोली होती. तिथे ती मायक्रोफोनसमोर बसायची आणि गाड्या बोलवायची. "यात्रीगण कृपया ध्यान दें" एवढं तिने म्हटलं, की फलाटाफलाटांवरच्या कर्ण्यांतून तिचा आवाज पसरायचा आणि पेंगणारी माणसं गाठोडी सावरून उभी राहायची. हमाल म्हणायचे, दीदी बोलवते म्हणून गाडी येते. यात थट्टा किती आणि श्रद्धा किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

कर्ण्यातला तो आवाज ज्याने कधी ऐकला नव्हता असा झाशीत बहुधा एकच माणूस होता, आणि तो तिच्याच घरात राहायचा. तिचे वडील, जनार्दनराव ऊर्फ अण्णा. ओरछा गेटच्या आतल्या गल्लीत बापलेक दोघंच राहत. आई गेली आणि शकुंतलेने ही नोकरी धरली, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "आपल्या घरची मुलगी कर्ण्यातून बोलणार? येणाऱ्या-जाणाऱ्याने ऐकावं?" ती म्हणाली, "अण्णा, ऐकण्यासाठीच तर बोलायचं असतं."  त्या दिवसापासून त्यांनी स्टेशनाची पायरी चढली नाही. जन्मभर रेल्वेच्या कारखान्यात भाकरी कमावलेला माणूस, फुकटचा पास ट्रंकेत ठेवून ग्वाल्हेरला बहिणीकडे रोडवेजच्या बसने धक्के खात जायचा. भांडण म्हणावं तर नव्हतं. ती वाढायची, ते जेवायचे. "आज उशीर?" "हो, गाडी लेट होती." एवढ्यावर दिवस सरायचा.

अण्णा तरुणपणी रेल्वेच्या संघातून हॉकी खेळत, डाव्या कडेला. झाशीत यात नवल काही नाही; इथे ज्याने स्टिक धरली नाही असा पुरुष शोधून काढावा लागतो. पण अण्णांचं वेगळेपण त्यांच्या सांगण्यात होतं. संध्याकाळी ओट्यावर बसून ते जुने सामने सांगायचे. गल्लीतली माणसं जमायची, आणि लहानगी शकुंतला दाराआड पापड लाटता लाटता ऐकायची. चेंडू उजवीकडून निघाला की तिचं लाटणं थांबायचं. तिलाही बोलावून सांगावं असं अण्णांना कधी सुचलं नाही, आणि मागावं असं तिला.

तो एकोणीसशे पंचाहत्तरचा मार्च. दूर क्वालालंपूरला विश्वचषकाचा शेवटचा सामना होता, तोही पाकिस्तानशी. आपल्या संघात झाशीतल्या घरचा एक पोरगा खेळत होता, त्यामुळे सारं गाव आपल्याच घरी लग्न असल्यासारखं सैरभैर होतं. सकाळी शकुंतला डब्यात पोळ्या भरत होती, तेव्हा अण्णा धोतराच्या सोग्याने रेडिओ पुसत बसले होते.

"अण्णा, जेवण झाकून ठेवलंय. सामना लागला की विसरू नका."

"हूं," अण्णा म्हणाले.

ती निघाली.

फाल्गुनातली दुपार होती. वाऱ्यावर मोहाच्या फुलांचा जड, गोड वास. अशा दुपारी झाशीत जागा असलेला माणूससुद्धा अर्धा झोपेत असतो. यार्डातली इंजिनं सावकाश वाफ सोडत होती आणि ती वाफ उन्हात इतकी हळू विरघळायची, की बघणाऱ्याचे डोळे मिटावेत. रूळ दूरवर पाण्यासारखे हलताना दिसत. माणिकपूर पॅसेंजर कधीची येऊन उभी होती. तिच्या खिडक्यांतून बाहेर लोंबणारे हातही स्वप्नात असल्यासारखे वाटत.

पार्सल ऑफिसातला भीमराव ट्रान्झिस्टर कानाशी धरून आला. त्याचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. आता त्याच्या बोलण्यात मराठी अर्धी आणि हिंदी अर्धी; शकुंतलेला तो थोरल्या बहिणीसारखं जीजी म्हणायचा. "जीजी," तो म्हणाला, "खिडकीत ठेवतो हं. तिकडे गोदामात आवाज पकडत नाही."

त्याने ट्रान्झिस्टर चौकशीच्या खिडकीत ठेवला आणि बघता बघता तिथे माणसांचं मोहोळ लागलं. हमाल, चहावाले, पॅसेंजरमधून उतरलेले गावकरी, एक हिरवा झेंडा काखेत मारलेला गार्ड. ज्यांना गाडीची चौकशी करायची होती, त्यांना खिडकीच दिसेना. ट्रान्झिस्टरचा आवाज केवढा? पुढच्यांना ऐकू यायचं, आणि मागचे ओरडायचे, "क्या हुआ? भैया, क्या हुआ?" त्या ओरडण्यात पुढच्यांनाही ऐकू येईनासं व्हायचं.

मग एकदम पुढची रांग गप्प झाली. पाकिस्तानने गोल केला होता. ही बातमी मात्र कुणी न सांगताच मागेपर्यंत पोहोचली. एका म्हाताऱ्या हमालाने डोक्यावरचा लाल फेटा काढून गुडघ्यावर ठेवला.

ड्यूटीवरचे दुबे साहेब गर्दीतून वाट काढत शकुंतलेच्या खोलीत आले. घामाघूम झाले होते. "शकुंतला जी, अब आप ही बोल दीजिए. स्कोर बताती रहिए, नहीं तो ये लोग मेरी खिड़की उखाड़ ले जाएँगे."

"मी?" ती मराठीतच म्हणाली.

"और कौन? बस, गाड़ियों का ध्यान रखिए."

भीमरावाने ट्रान्झिस्टर आत तिच्या टेबलावर आणून ठेवला. शकुंतलेने पदर सावरला आणि मायक्रोफोनचं बटण दाबलं. तोंडात सवयीचंच वाक्य आलं, "यात्रीगण कृपया ध्यान दें," आणि पुढे काय म्हणायचं ते तिला क्षणभर कळेना. "पाकिस्तान एक, भारत शून्य," ती म्हणाली. साऱ्या फलाटावरून एक लांब सुस्कारा आला.

मध्यंतरापर्यंत ती नुसता स्कोअरच सांगत होती. मध्येच बटण बंद करून ऐकायची, मग चालू करून बोलायची. मध्यंतरानंतर मात्र तिचं तिलाच कळलं नाही, केव्हा बटणावरचं बोट उचलायचं राहून गेलं. रेडिओवरचा माणूस घाईघाईने नावं फेकत होता आणि ती ती नावं उचलून, निवडून, सावकाश पुढे ठेवत होती. चेंडू कुणाकडून निघाला, कुठल्या बाजूने, समोर कोण आहे, मागे कोण धावतोय. तिच्या हिंदीत आता ते वर्गात पाठ केल्यासारखं वळण उरलं नव्हतं. खोलीच्या काचेतून तिला फलाट दिसत होता. माणसं कर्ण्यांकडे माना वर करून उभी होती. वाफेचा एक लोट त्यांच्यावरून गेला, आणि तेवढ्या वेळापुरता फलाटच नाहीसा झाला. तिथे हिरवं मैदान पसरलंय असं तिला वाटलं.

वाफ विरली तेव्हा पाण्याच्या नळापाशी तिला काळी टोपी दिसली.

आधी तिला वाटलं, भास आहे. दुपारच तशी होती. पण त्या टोपीखाली अण्णाच होते. छातीशी छत्री घट्ट धरलेली, धोतराला रस्त्याची धूळ. सामना सुरू होण्याच्या बेतालाच ओरछा गेटची वीज गेली होती. शेजारपाजारचे रेडिओही मुके झाले, तेव्हा ते भर उन्हात चालत निघाले होते. चालता चालता लोक म्हणाले, टेसन पर चलो, वहाँ सुना रहे हैं. कोण ऐकवतंय, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. हे सगळं तिला नंतर कळलं. त्या घटकेला तिला एवढंच दिसलं, की अण्णा कर्ण्याकडे बघताहेत आणि त्यांनी तिचा आवाज ओळखलाय.

तिचं वाक्य अर्ध्यावरच तुटलं. कर्ण्यातून नुसती खरखर.

"जीजी!" भीमराव घाबरून म्हणाला. "काय झालं? बोला ना! पेनल्टी कॉर्नर मिळालाय आपल्याला!"

अण्णा वाट पाहत होते. त्यांची मान किंचित पुढे आली होती, आणि डावा पाय जमिनीवर हलके हलके आपटत होता, जणू चेंडू आत्ता त्यांच्याकडे येणार आहे.

शकुंतलेने श्वास घेतला. आता ती फलाटाला सांगत नव्हती; नळापाशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या खेळाडूला सांगत होती. "पेनल्टी कॉर्नर. भारताला. चेंडू रेषेवर ठेवलाय. सगळे वाकून उभे आहेत." हे ती हिंदीत बोलत होती की मराठीत, हे नंतर कुणालाच नक्की सांगता आलं नाही. "चेंडू निघाला... थांबवला... आणि मारला. गोल!"

आरडाओरडा झाला, तो ऐकून पॅसेंजरमधल्या शेळ्याही ओरडू लागल्या. गार्डाने हिरवा झेंडा फडकवला. पॅसेंजरचा ड्रायव्हर सिग्नलकडे बघून पुन्हा निवांत बसला. सिग्नल अजून लाल होता, आणि आज त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

एक एक. त्यानंतरचा वेळ कसा गेला ते तिला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की झाशीचा पोरगा चेंडू घेऊन आत शिरला हे सांगताना तिने त्याचं नाव घेतलंच नाही. "अपना लड़का," ती म्हणाली, "अपना लड़का आगे बढ़ा," आणि सारा फलाट एका माणसासारखा पुढे झुकला. चेंडू गेला, खांबाच्या आतल्या बाजूला लागून बाहेर आला. समोरचे खेळाडू पंचांकडे धावले. गोल झाला की नाही? रेडिओवर नुसता गलका. शकुंतला थांबली. शब्दांना घाई करायची नाही, हे ती दाराआड बसून शिकली होती. माणसं श्वास रोखून उभी होती. दूर कुठे एका इंजिनाच्या वाफेचा सुस्कारा तेवढा ऐकू येत होता.

"पंचांनी गोल दिला," ती म्हणाली. "भारत दोन. पाकिस्तान एक."

उरलेला खेळ म्हणजे नुसतं दात-ओठ खाऊन तग धरणं होतं. शेवटची शिटी वाजली ते तिने सांगितलं की नाही, कुणास ठाऊक. कारण तोवर लोको शेडमधल्या कुणीतरी इंजिनाची शिटी ओढली होती. तिला दुसऱ्या इंजिनाने साथ दिली, मग तिसऱ्याने. यार्डात जेवढी इंजिनं वाफेवर होती तेवढी सगळी ओरडू लागली. पॅसेंजरनेही आपला बारीक सूर लावला. वाफेचे लोट वर गेले आणि कलत्या उन्हात सोनेरी झाले. त्याखाली माणसं एकमेकांना उचलत होती, हमाल अनोळखी बायाबापड्यांच्या हातांवर पेढे ठेवत होते. होळीला अजून अवकाश होता, तरी कुठूनसा गुलाल आला. दुबे साहेबांचे कान लाल झाले. भीमराव खुर्चीवर चढून रडत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "रोता थोड़ी हूँ, जीजी, धूर गेलाय डोळ्यांत."

शकुंतला बाहेर आली तेव्हा गर्दीने तिला ओळखलं नाही. चेहरा कुणाला ठाऊक होता? ती वाट काढत नळापाशी गेली. अण्णांच्या टोपीवर गुलाल होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.



"दुसऱ्या गोलाला तू थांबलीस," अण्णा म्हणाले.

"हो."

"बरोबर थांबलीस. मी घाई केली असती." त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कुठून शिकलीस हे?"

"दाराआडून."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं.  त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो काढायचं जणू विसरूनच गेले.

तिची ड्यूटी संपेपर्यंत ते बाकावर बसून राहिले. मग दोघं टांग्यात बसली. शहरात शिरताना रस्ते ढोलक्यांनी भरून गेले होते, छतांवरून पोरी फुलं टाकत होत्या, किल्ल्यावरचं ऊन उतरत उतरत बुरुजाच्या टोकाशी येऊन थबकलं होतं. टांगा गर्दीत तरंगल्यासारखा चालला होता. शकुंतलेला वाटलं, हे संपूच नये. घोडा असाच चालत राहावा, ओरछा गेट येऊच नये.

टांगेवाल्याने मान वळवली. "बाबूजी, आपने सुना था मैच? मैं तो सवारी में फँसा रहा. आख़िरी गोल कैसे हुआ?"

अण्णांनी घसा साफ केला. सवयीने ते पुढे सरकले, ओट्यावर बसायचे तसे. मग मागे टेकले.

"इनसे पूछो," ते म्हणाले. आणि तिच्याकडे वळून, हळूच, मराठीत, "पहिल्यापासून सांग. मला सुरुवात ऐकायची राहिली."